एक हसरी, एक रडकी

३ जानेवारी १९३८, सोमवार

लागलो! साप्ताहिकात फोटोग्राफर. अमरावतीतल्या दुसऱ्या कोणत्याही पेपरात असा माणूस नाही, असं केशवराव म्हणतात. केशवराव म्हणजे मालक, संपादक आणि मुद्रितं तपासणारेही तेच. महिनाभर उमेदवारी. पटलं तर कायम, नाही तर पुन्हा स्टुडिओत — नवरा खुर्चीवर, नवरी मागे उभी, हलू नका.

तिवस्याला घरी कळवलेलं नाही. बाबा म्हणतील, काळी जमीन सोडून काळ्या फडक्यात डोकं खुपसून बसला! कायम झालो की कळवीन.

४ जानेवारी

पहिला धडा. केशवरावांनी सगळ्यांसमोर उभं केलं.

"पेपर कधी निघतो?"

शनिवारी.

"फोटोचा ब्लॉक कुठे होतो?"

नागपूरला. छापायचा जस्ताचा ठसा इथे कोणी करत नाही.

"जाऊन यायला?"

तीन दिवस.

"मग शुक्रवारच्या समारंभाचा फोटो शनिवारी कसा छापशील?"

मागे छापखान्याचे खिळे जुळवणारे खुदुखुदु हसत होते.

"मंगळवारी काढून," केशवराव म्हणाले.

मला वाटलं थट्टा. थट्टा नव्हती. दुपारी एका धर्मशाळेचं उद्‌घाटन काढून आलो. उद्‌घाटन शुक्रवारी आहे! शेटजी कात्री उघडून फितीपाशी उभे राहिले. मागे टाळ्यांसाठी गवंडी उभे केले. फोटो झाला तरी ते बिचारे वाजवतच राहिले — थांबा म्हणून कोणी सांगितलंच नाही.

७ जानेवारी

दोन काचेच्या प्लेटा काळ्या पडल्या. अंधारखोलीच्या दाराला फट होती, मी बघितली नव्हती. केशवराव ओरडत नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी त्यातली एक काळी काच माझ्या टेबलावर उभी केली आणि म्हणाले, "तुझा स्वतःचा फोटो आहे हा. असू दे समोर."

दिवसभर जो तो येऊन वाकून बघून गेला. "काय जी फोटोवाले, अमावस्या छापून राहिले काय?"

११ जानेवारी, मंगळवार

अचलपूर. सोबत खुशालराव — आमचे बातमीदार. अकोल्याचे, पन्नाशीचे, पानाने दात लाल. कोर्ट, कुस्ती, मयत, सगळं तेच लिहितात.

परवा मोठी कुस्ती आहे. यासीन आणि चंद्रभान. फोटो आजच हवा, आणि कोण जिंकणार ते कोणाला ठाऊक? म्हणून दोन प्लेटा. एकीत यासीन वर, चंद्रभान खाली. दुसरीत उलट. जो जिंकेल त्याचा ब्लॉक छापायचा.

यासीन लगेच झोपला मातीत. हसत होता. चंद्रभान तयार होईना. वीस-एकविसाचं पोरगं, मिसरूड फुटलेलं. "भाऊ, मी हरलोच नाई तर खाली कावून पडू?"

खुशालराव पुढे झाले. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अरे पैलवान, फोटूत पडला त्याची दृष्ट निघते. मंग खरा थोडीच पडते मानूस! मोठमोठ्या पैलवानाईनं काढले असे."

पोरगं पडलं. यासीनचा गुडघा छातीवर. मी म्हटलं, हलू नका. त्याच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं, पण तो हलला नाही.

परतताना मोटारीत विचारलं — खरंच दृष्ट निघते? खुशालराव बाहेर थुंकले. "मले काय ठाऊक? आता सुचलं."

१५ जानेवारी

चंद्रभान हरला. अंकात फोटो हुबेहूब! पडलाय तसाच. लोक म्हणतात, काय वेळ साधली फोटोवाल्याने. त्याचा उस्ताद मात्र खुशालरावांना बाजारात भेटला आणि म्हणाला, "पोट्टं तुमी मंगळवारीच पाडलं."

मला वाईट वाटलं. मग मशीनवरून अंक उतरताना बघितले, एकावर एक, प्रत्येकावर माझा फोटो — आणि वाटायचं थांबलं.

१८ जानेवारी

उजेडाची पावडर जास्त भरली. भडका उडाला, डावी भुवई गेली. केशवराव म्हणाले, "उजवीही काढ. सारखं दिसेल."

२५ जानेवारी, मंगळवार

अकोला. सेशन कोर्ट. साऱ्या वऱ्हाडात याच खटल्याची चर्चा आहे.

जुन्या शहराच्या कडेला मोर्णा नदीकाठी एक फुलमळा. मळा दोन भावांचा, विहीर एक. थोरला वारला. त्याची बायको मनकर्णाबाई आणि मुलगा भगवंत अर्धा मळा बघतात, अर्धा धाकटा शालिकराम. गेल्या आषाढात शालिकराम विहिरीपाशी मरून पडलेला सापडला. मानेवर विळ्याचा घाव. आदल्या दिवशी पाण्याच्या पाळीवरून पुतण्याशी त्याची हमरीतुमरी झालेली. पोलिसांनी भगवंतला उचललं. विळा सापडला नाही. बघणारं कोणी नाही. भगवंत पहिल्या दिवसापासून एक शब्द बोललेला नाही. मी मारलं म्हणत नाही, नाही मारलं असंही म्हणत नाही. खुशालराव म्हणतात, "असे मुके आरोपी पेपराले लय चांगले. वाट्टेल ते लिहा."

कोर्टात कॅमेरा नेऊ देत नाहीत. बाहेर लिंबाखाली मनकर्णाबाई बसल्या होत्या. उंच, काळ्यासावळ्या, कपाळ मोकळं. मांडीवर फडकं, फडक्यात झेंडू, हात हार ओवत होते. कोर्टाच्या आवारातही! म्हणाल्या, "फुलं थोडीच तारखेची वाट पाह्यतात, बाप्पा."

लांबून एक काढला. चेहरा नीट नाही आला.

१ फेब्रुवारी, मंगळवार

साक्षी संपल्या. जज्जांना सल्ला द्यायला चार असेसर होते. दोघे म्हणाले दोषी, दोघे म्हणाले नाही. आता जज्ज काय ते ठरवणार. निकाल गुरुवारी, दहा तारखेला. सुटका नाही तर फाशी — मधलं काही दिसत नाही.

केशवरावांनी बोलावलं. माझा महिना उद्या भरतो. मला वाटलं कायमचं सांगतील. त्यांनी पान आखून दाखवलं. मधोमध मोठा चौकोन.

"आईचा चेहरा. इथे. निकाल गुरुवारी, ब्लॉकची वेळ मंगळवारी. म्हणजे?"

मी म्हटलं, दोन प्लेटा.

"एक हसरी, एक रडकी. सुटला तर हसरी, फाशी झाली तर रडकी. दोन्ही चांगल्या आल्या तर तू कायम. एक जरी बिघडली तर स्टुडिओवाल्याला मीच चिठ्ठी देतो, पोरगा कष्टाळू आहे म्हणून."

"त्या हसतील कशा? रडतील कशा?"

ते वर न बघता म्हणाले, "कुस्तीवाले पडले कसे?"

८ फेब्रुवारी, मंगळवार

लिहून काढतो.

दुपारच्या आत अकोल्याला पोचलो. खुशालराव वकिलाकडे गेले. जाताना दोन कांदे माझ्या खिशात घालून गेले — "बाई घट्ट आहे. लागतीन तुले."

मोर्णा ओलांडून जुन्या शहरात शिरलो. मनकर्णाबाईंचं घर गल्लीच्या टोकाला. अंगणात झेंडूचा ढीग, त्या ओवत बसलेल्या. मी पेपरवाला म्हटल्यावर फडकं झटकून बसायला दिलं. गूळ-पाणी दिलं. तुमी कोनाचे? तिवस्याचे? कुणबी काय? माय हाय? मंग जेवाले कोन घालते तुमाले अमरावतीले?

हसरी लगेच मिळाली. भगवंत लहानपणी कसा होता, एवढंच विचारलं. सांगायला लागल्या — एकदा देवळात द्यायचा मोठा हार केला होता, पोराने तो नेऊन बैलाच्या गळ्यात घातला. "मी मारू लागली, तं म्हणते कसा, माय, देव कई मोट ओढते का?" आणि हसल्या. दात शुभ्र. मी शटरचा रबरी फुगा दाबला. इतकी सुंदर प्लेट मी आजवर घेतली नव्हती.

मग रडकी.

मी म्हटलं, मनकर्णाबाई, आता जरा दुःखी चेहरा. त्यांनी सरळ नकार दिला. पोराला नेलं तेव्हापासून त्या रडलेल्या नाहीत. तो घरी येईपर्यंत रडणार नाहीत. "घरचं मानूस बाहीर असलं का उंबरठ्याआत टिपूस गाळू नाई. वाट बुजते त्याची." मी म्हटलं, आपण तर अंगणात, उंबरठ्याबाहेरच बसलोय. त्या म्हणाल्या, "लय हुशार हाय बाप्पा तू!" आणि पुन्हा हसल्या.

कांदा काढला. तेव्हा तर पोट धरून हसल्या. "कांदे पिकोतो मी! मले कांद्यानं रडू येईन?"

उन्हं कलली होती. अमरावतीची गाडी पकडली नाही तर आज प्लेटा धुऊन होणार नाहीत, उद्या सकाळी नागपूरला जाणार नाहीत, ब्लॉक शुक्रवारी येणार नाही. सगळं डोक्यात एकामागे एक उभं राहिलं. नवी प्लेट बसवली. नेम धरला. फुगा हातात घेतला. आणि म्हणालो —

"मनकर्णाबाई, सांगायचं टाळत होतो. निकाल आज सकाळीच झाला. फाशी."

आधी काहीच झालं नाही. हातातलं फूल त्यांनी दोऱ्यात ओवलं. पुढचंही ओवलं. मग मान वर झाली.

"तुमाले कोनं सांगतलं?"

"पेपरवाल्यांना आधी कळतं."

तेव्हा तो चेहरा झाला. मी त्याचं वर्णन करणार नाही, तो प्लेटेवर आहे. मी दाबलं. मनात आलं — मिळालं! असं मनात आलं, ते इथे लिहून ठेवतो.

लगेच सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. पण आधी प्लेट काढून डबीत घालावी लागते, नाही तर उजेड लागतो. तेवढ्यात त्या उठल्या, हार ढिगावर टाकला, आत गेल्या आणि कडी लावली. मी दाराशी जाऊन म्हणालो, मनकर्णाबाई, तसं नाही, निकाल गुरुवारी आहे, फोटोसाठी म्हणालो. आतून काही नाही. मोठ्याने म्हणालो का? नाही. गल्लीत माणसं होती. ऐकलं असतं तर कॅमेरा फोडला असता.

गाडीची वेळ झाली होती. निघालो. कोपऱ्यावर शेजारच्या गोदाबाई टोपली घेऊन येत होत्या. चालता चालता सांगितलं, मनकर्णाबाईंना सांगा, निकाल अजून व्हायचा आहे. त्या विचारत राहिल्या, "अव, कोन्त्या निकालाचं? थांबा तं खरं!" मी वळलो होतो.

गोदाबाई सांगतीलच.

९ फेब्रुवारी

दोन्ही प्लेटा स्वच्छ. एकही डाग नाही. केशवराव रडकी उजेडात धरून खूप वेळ बघत राहिले. मग पहिल्यांदाच खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "आता ही काळी काच टाकून दे." कायम!

तिवस्याला आजच कार्ड टाकतो.

१० फेब्रुवारी, गुरुवार

निर्दोष. भगवंत सुटला.

जज्जांनी वाचायला अर्धा तास घेतला. हत्यार नाही, साक्षीदार नाही, संशयाचा फायदा आरोपीला. मी बाहेर लिंबाखाली उभा होतो. आनंद झाला मला! वाटलं, हसरी छापली जाणार. ती रडकी फोडून टाकीन आणि विषय संपला.

भगवंत पायऱ्या उतरला. इकडे तिकडे बघितलं. आई कुठेच नव्हती. लोक हार घालत होते आणि तो सगळ्यांच्या डोक्यांवरून पलीकडे बघत होता.

मग गर्दीतून गोदाबाई आल्या. त्याचा हात धरला. मी जवळच होतो, सगळं ऐकलं.

"तुयी माय ठाण्यात हाय रे. काल पहाटीच गेली. म्हणे मी मारलं शालिकरामले, माया पोराले फासावर देऊ नका, मले द्या."

हवालदार आधी हसला म्हणे — बाई, निकाल तं उद्या हाय! पण तोवर ती सगळं बोलून गेली होती, आणि फौजदार खुर्ची ओढून बसला होता. गोदाबाईंनी मंगळवारी निरोप दिला होता. दाराबाहेरून तीनदा सांगितलं. मनकर्णाबाई आतून म्हणाल्या, "मले बरं वाटाव म्हनून सांगून राह्यली तू. पेपरवाला कायले खोटं बोलीन?"

भगवंत गळ्यातल्या हारांसकट ठाण्याकडे पळाला. मी लिंबाच्या मागे गेलो.

११ फेब्रुवारी

केशवरावांना सगळं सांगितलं. मी काय म्हणालो होतो तेही. त्यांनी चष्मा काढला, पुसला.

"तू तिला कबूल करायला सांगितलं होतंस?"

नाही.

"मग? आईने पोरासाठी रचलेली गोष्ट आहे. चार दिवसांत फौजदारच घरी पाठवेल. कोणी विश्वास ठेवणार नाही."

मी म्हटलं, मग ती रडकी तरी छापू नका.

त्यांनी पान पुढे सरकवलं. आता दोन चौकोन होते, शेजारी शेजारी. "मुलगा सुटला आणि आईने गुन्हा कबूल केला, एकाच अंकात! देवीदास, दोन्ही ब्लॉक लागणारी बातमी जन्मात एकदा येते."

खुशालराव पानाला चुना लावत होते. म्हणाले, "फोटूवाले, आता तं कांदे परत द्या."

१२ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी बारापर्यंत अंक संपला. पुन्हा छापला.

संध्याकाळी अकोल्याहून तार. विळा सापडला. मनकर्णाबाईंनी सांगितलं तिथेच — विहिरीच्या आतल्या कपारीत, फडक्यात गुंडाळलेला. मॅजिस्ट्रेटसमोर जबानीही झाली. पाण्याच्या पाळीचं काही नव्हतं, म्हणाल्या. नवरा गेला तेव्हापासून दीर रात्री-बेरात्री कडी वाजवायचा. एवढंच म्हणाल्या.

रचलेली गोष्ट नाही मग.

कबुलीशिवाय तो विळा कोणाला सापडला असता?

१३ फेब्रुवारी

तिवस्याहून आलेल्या माणसाकडून बाबांचा निरोप आला. महादेवाच्या देवळापाशी बसून त्यांनी सगळ्यांना माझा अंक वाचून दाखवला. माय म्हणते, बाईचा रडका फोटो बघवत नाही, पण देवीदासने काढलाय म्हणून भिंतीला लावलाय.

१४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी भगवंत ऑफिसात आला. मारायला आला असं वाटलं. तो दारातच बसला, आत ये म्हटलं तरी येईना. खटल्यात कोणी ऐकला नव्हता तो आवाज मी आज ऐकला. हळू, बसलेला.

"तुमीच काय जी फोटोवाले?"

हो म्हणालो.

"मले ठाऊक व्हतं. मायनं मारलं ते मी डोयानं पाह्यलं. म्हनून तं मुका राह्यलो. बोललो असतो तं तिचंच नाव आलं असतं. वकील म्हणे, हत्यार नाई, पाह्यनारा नाई, तू सुटतोच. मी सुटलो का दोघंबी घरी. जेलात भेटाले आली तं मी तिले सांगतलं व्हतं — माय, गुरुवारपावतर फक्त. गुरुवारपावतर कोनापाशी काई बोलू नको."

आतून केशवरावांनी विचारलं, "कोण आहे रे?"

"भगवंत," मी म्हटलं.

"बसव त्याला. दाराशी उजेड चांगला आहे."

मी कॅमेऱ्याची तिपाई आणली.